हातांनी सांगितलेली गोष्ट

३ एप्रिल

ती. आजोबांना,

तुमच्या भोंग्याचा खणखणीत सलाम. वि. वि.

आधी तुमची चौकशी करायची, मग स्वतःची बडबड, असं आईने बजावलं आहे. तर तुम्ही कसे आहात? गुडघे कसे आहेत? आत्या अजून औषधाच्या दुकानातून आल्या आल्या तुमच्यावर रागावते का? झाली चौकशी. आता माझी बातमी.

इथे आल्यापासून इतके महिने पाहुण्यांसारखे राहिलो, आता एकदाचं नवं घर मिळालं. ते पहिल्या मजल्यावर आहे. जिना लोखंडी आहे, त्यामुळे मी उतरले की सगळ्या इमारतीला कळतं. बाबांची कचेरी इथून जवळ असल्यामुळे ते दुपारी जेवायला घरी येतात आणि मी काय खाल्लं नाही ते त्यांना लगेच कळतं. एवढी एकच वाईट गोष्ट आहे.

खाली रस्त्याच्या बाजूला एक लांब खोली आहे. तिथे वेताच्या खुर्च्या दुरुस्त करतात. फाटलेली बैठक कापून काढायची, वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या आणि चौकटीच्या भोकांतून आडव्या, उभ्या, मग तिरप्या ओवायच्या. विणून झालं की मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसतं. वेतवाले काका ते करतात आणि त्यांची मुलगीही करते. ती माझ्याच वयाची आहे. तिला घरात बिट्टी म्हणतात.

पहिल्याच दिवशी मी तिच्याशेजारी बसले आणि तिला आपलं जुनं घर, माझी शाळा, माझा पडलेला दात, तुम्ही, सगळं सांगितलं. ती मान खाली घालून विणत होती. मला वाटलं, काय छान ऐकते ही! एकदाही मध्ये बोलली नाही! मग काका आले आणि म्हणाले की पोरी, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आजोबा, मला इतकी लाज वाटली की मी तिथल्या पाण्याच्या टोपात डोकं घालणार होते. काकांनी हातांनी तिला माझा पराक्रम सांगितला, तर ती पोट धरून हसली. त्यांची हातांची भाषा आहे. त्यात प्रत्येकाला एक खूण असते. बोटांची चोच करून ती तोंडापाशी उघडझाप करायची, ही माझी खूण. म्हणजे बिट्टीने मला नाव ठेवलं आहे. दोन्ही अर्थांनी.

आता माझी अडचण. रविवारच्या शाळेत बाई म्हणाल्या की आपल्या मित्रमैत्रिणींना प्रभू येशूबद्दल सांगा. माझी इथे एकच मैत्रीण आहे आणि तिला ऐकूच येत नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी पत्र लिहिते. पण ती तर खालीच राहते, तिला काय पत्र पाठवू? लवकर सांगा. तुमच्याकडे रविवारी उपदेश कशावर झाला तेही लिहा. बाबा विचारत होते.

माया पातळ करू नका.

तुमचा,
भोंगा

•

९ एप्रिल

चि. भोंगा हिला,

आजोबांचे आशीर्वाद, आणि तू जवळ नाहीस म्हणून पाकिटात बंद केलेला एक पापा.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हसत होतो, तर तुझी आत्या काय झालं म्हणून धावत आली. हल्ली मी मोठ्याने हसतो म्हणे. मला कसं कळणार?

तुझी अडचण मला अडचण वाटत नाही. तू परक्या गावी गेलीस तर तिथलं बोलणं शिकशील की नाही? तशीच तिची भाषा शीक. आपल्याला सांगायचं आहे म्हणून नव्हे हं, तिला काय सांगायचं आहे ते कळावं म्हणून. तू तिला तुझा दातसुद्धा सांगून टाकलास, पण तिच्याबद्दल तुझ्या पत्रात काय आहे? विणते आणि हसते. एवढंच. आधी थोडी चोच मीट. आणि तिच्या वडिलांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. लेक त्यांची आहे.

मी मजेत आहे. गुडघे आहेत तिथेच आहेत. रविवारचा उपदेश चांगला झाला. हरवलेल्या कोकराबद्दल होता. तुझ्या बाबांना सांग.

जीव लावणारा,
आजोबा

•

२२ एप्रिल

ती. आजोबांना,

या वेळी सलाम हाताने केला आहे, कारण मी शिकतेय! वि. वि.

तुमच्या पाळकसाहेबांनी परत कोकरूच घेतलं का? मागच्या महिन्यातही कोकरूच होतं. त्याच्या आधीही. बाबा म्हणाले, अजून सापडलं नाही वाटतं.

मी रोज शाळेतून आल्यावर खाली जाते. खुर्ची, पाणी, भूक, चिडका मुलगा, कंटाळा, हे सगळं मला हातांनी बोलता येतं. तुम्ही म्हणालात म्हणून मी बिट्टीबद्दल विचारलं. तिला उंच जागा आवडतात. तिला घामट माणसांनी गाल ओढलेला आवडत नाही. तिला लोकांच्या तोंडावरून सगळं कळतं. खुर्ची घ्यायला आलेला माणूस तोंड उघडायच्या आतच ती काकांना सांगते की हा घासाघीस करणार. आणि ती शाळा सुटल्यावर बसच्या खिडकीत बसते, कारण खिडकीची काच थरथरते ते तिला आवडतं.

मग तिनेच मला विचारलं की रविवारी नवा फ्रॉक घालून तू कुठे जातेस. मी चर्चची इमारत हवेत काढून दाखवली. तिथे कोण असतं, असं तिने विचारलं. येशूची खूण मला येत नव्हती. तिने दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेतल्या बाईंना विचारून आणली. एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या तळव्याच्या मधोमध टेकवायचं, मग त्या हाताचं या तळव्यावर. तिने विचारलं, तळवेच का? मी हातोडा आणि खिळा करून दाखवला. आजोबा, तिने पटकन हात मागे घेतले. मग स्वतःचे तळवे उघडून कितीतरी वेळ बघत बसली. वेताने तिच्या तळव्यांवर बारीक चिरा पडलेल्या असतात. नंतर विचारलं की ज्यांनी खिळे मारले त्यांचं त्याने काय केलं. मी सांगायला गेले की त्याने त्यांना क्षमा केली, पण क्षमेची खूण मला येईना. मी पाटी पुसल्यासारखं केलं. ती म्हणाली, त्यांची भांडी घासली? आम्ही दोघी इतक्या हसलो की काकांनी वेताची छडी उगारली, खोटी खोटी.

काकांना विचारलं. ते म्हणाले, तिला यायचं असेल तर येऊ दे, जेवायच्या वेळेला परत आण. ती गेल्या रविवारी आली. रविवारच्या शाळेत चित्रं रंगवली, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि आमच्या चर्चच्या खुर्च्या फार वाईट विणल्या आहेत असं मला सांगितलं.

आता गंमत ऐका. येत्या रविवारी बाहेरून एक पाहुणे उपदेशक येणार आहेत. ते आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. मी आमच्या बाईंना सांगितलं, बाईंनी त्यांना कळवलं, आणि ते बिट्टीच्या कानांवर हात ठेवून प्रार्थना करणार आहेत! बिट्टीला मी काहीच सांगितलेलं नाही. एकदम ऐकू यायला लागलं की तिला केवढा आनंद होईल! पहिला आवाज माझा असला पाहिजे, असं मी ठरवलं आहे. तुम्हीही रविवारी प्रार्थना करा. तिची झाली की तुमच्या कानांचं बघू.

तुमचा उतावळा,
भोंगा

•

२५ एप्रिल

चि. भोंगा हिला,

आशीर्वाद. हे पत्र आत्या दुकानात जाता जाता टाकणार आहे, म्हणून दोनच ओळी.

तिला न सांगता असं करू नकोस. प्रार्थना वाईट नाही, पण तिला आधी विचार. नाही म्हणाली तर बाईंना जाऊन स्वतः सांग की नको. हे पत्र वेळेवर मिळो.

आजोबा

•

२८ एप्रिल

ती. आजोबांना,

सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आज मिळालं. आज मंगळवार आहे.

आईने आधीच सांगितलं की जे झालं ते जसं झालं तसं लिही, स्वतःला वाचवू नकोस. लिहिते.

उपदेश झाल्यावर पाहुण्यांनी बिट्टीला पुढे आणायला सांगितलं. मी तिचा हात धरून नेलं. ती हसत होती, तिला वाटलं बक्षीस वगैरे आहे. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. आजोबा, तिला काहीच माहीत नव्हतं. एकाएकी सगळ्यांचे डोळे मिटले आणि सगळ्यांचे चेहरे बंद झाले. ती माझ्याकडे बघत होती आणि माझेही डोळे मिटलेले होते. मग मागून कोणीतरी तिचं डोकं धरलं. ती ओरडली. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी डोळे उघडले तर दोन-तीन जणांनी तिला धरलं होतं, प्रेमानेच, घाबरू नको असं म्हणत होते, पण ते तिला कसं कळणार? ती पाहुण्यांच्या बोटाला चावली आणि पळाली. तिची एक चप्पल तिथेच राहिली.

मी चप्पल घेऊन मागे धावले. तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. तिने डोळे मिटले की बोलणं संपतं, आजोबा. मग मी कितीही हात हलवले तरी काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी काका वर आले. मी स्वयंपाकघरात लपले होते. ते बाबांना ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. म्हणाले, आमच्या घरात आजवर कधी हा प्रश्न निघाला नव्हता. आज लेक विचारतेय की मी मोडलेली आहे का, आणि खुर्चीसारखी मला दुरुस्त करायला नेलं होतं का. बाबांनी त्यांची माफी मागितली. काका म्हणाले की तुम्ही नाही, आणि गेले.

आता ती खालच्या खोलीत पाठमोरी बसते. मी जिन्यावरून आवाज न करता उतरते, पण तिला कुठे तो ऐकू येतो? मग कशाला हळू उतरते ते मलाच कळत नाही.

मी चांगलंच मागत होते ना? मग देवाने ऐकलं का नाही? आणि ऐकलं असतं तर ती आत्ता माझ्याशी बोलत असती का?

तुमचा,
भोंगा (पण आता गप्प)

•

१ मे

लाडक्या भोंग्या,

आत्याचे आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र वाचून आजोबा कालपासून खिडकीत बसून आहेत. लिहायला घेतात, फाडतात. केरात सगळे कागदच. तू वाट बघत असशील म्हणून मीच दोन शब्द लिहिते, आणि जे सांगायला मनाई आहे ते सांगते.

आजोबा गेले कित्येक महिने चर्चला जात नाहीत. तुम्ही तिकडे गेलात त्याच्या जरा नंतरपासून. रविवारी कपडे करतात, बूट घालतात, आणि मी निघाले की परत काढून ठेवतात. तुला लिहिलेले सगळे उपदेश घरात बसून रचलेले आहेत. आमच्या पाळकसाहेबांनी या वर्षी कोकराचं नावही काढलेलं नाही. का जात नाहीत विचारलं तर म्हणतात, ऐकू येत नाही मग जाऊन काय करू? खरं कारण ते नाही. खरं कारण ते मलाही सांगत नाहीत.

मी हे कळवलं असं त्यांना सांगू नकोस. कळलं तर चिडतील, आणि चिडले की फार मोठ्याने चिडतात. शेजारी ऐकतात.

खचू नकोस. जेवत जा.

तुझी,
आत्या

•

४ मे

चि. भोंगा हिला,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला. तू रागावली नसशील हे माहीत आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आधी माझी भानगड निस्तरतो. ती कोकरं खोटी होती. मी चर्चला जात नाही. तुझ्या आत्याने तुला सांगितलं असणारच. तिचा चेहराच तसा झाला आहे.

तुला आठवतं, मी दर रविवारी शास्त्रवाचन करायचो. तुझ्या बाबांच्या लहानपणापासून ते माझं काम. त्या दिवशीही मी वाचत होतो. एका ठिकाणी थांबायचं ठरलं होतं, पाळकसाहेबांनी खूण केली असावी, मला कळलं नाही. मी वाचतच राहिलो. मान वर केली तर सगळी मंडळी उभी, सगळ्यांची तोंडं उघडी. गीत केव्हाच सुरू झालं होतं. पुढच्या रांगेतली पोरं खांदे हलवून हसत होती. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी मला मधोमध बसवून माझ्या कानांसाठी प्रार्थना केली. फार प्रेमाने केली. पण मला कोणी विचारलं नाही. मला कान नको आहेत असं नाही गं. पण त्या दिवशी मला एवढंच हवं होतं की कोणीतरी शेजारी बसावं आणि आता कुठलं पान चालू आहे ते बोटाने दाखवावं. मी घरी आलो तो आलोच.

म्हणून तुझ्या मैत्रिणीचं वाचून मी कागद फाडत बसलो.

तू विचारतेस की देवाने ऐकलं का नाही. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण प्रभू कसा वागायचा ते मला माहीत आहे. तो आंधळ्या माणसालाही आधी विचारायचा की मी तुझ्यासाठी काय करू? डोळे हवेत हे उघड दिसत असूनही विचारायचा. आणि तो बहिरा माणूस आणला तेव्हा त्याने काय केलं? लोक बघायला जमले होते. त्याने त्याला गर्दीतून बाजूला नेलं. एकट्याला. मग बोटांनी त्याच्या कानांना हात लावला, वर पाहिलं, उसासा टाकला. ज्याला ऐकू येत नाही त्याला कळेल असं सगळं. इतकी वर्षं मी ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली, पण हे मला आत्ता दिसलं, तुझ्या बिट्टीमुळे.

तर आता काय करायचं? तिच्याकडे जा आणि माफी माग. तिच्या भाषेत. ती परत चर्चला यावी म्हणून मागू नकोस. तुझं चुकलं म्हणून माग. तिने दिली नाही तरी तिथे जात राहा.

तुझाच,
आजोबा

•

१९ मे

ती. आजोबांना,

सलाम, आणि आज मोठा. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी खाली गेले. पण माफीची खूणच येत नव्हती आणि जिच्याकडून शिकायची तिचीच माफी मागायची होती. म्हणून काकांकडे गेले. ते एका आरामखुर्चीचा हात बसवत होते. त्यांनी मला दुसरं टोक धरायला लावलं. कितीतरी वेळ धरून उभी होते, हात दुखले, पण बोलले नाही. (हो, मी!) शेवटी त्यांनी विचारलं की काय पाहिजे. मी सांगितलं. ते म्हणाले, आमच्या घरात माफीची खूण अशी: आपला हात समोरच्यापुढे उताणा धरायचा आणि तसाच ठेवायचा. त्याला वाटलं तर तो त्यावर हात ठेवेल. नाही वाटलं तर आपला हात रिकामा राहील, आणि तो तसा राहू द्यायचा. ओढून घ्यायचा नाही.

मी बिट्टीच्या पुढ्यात जाऊन बसले. आधी सांगितलं की तुला विचारलं नाही, माझं चुकलं. तू मोडलेली नाहीस. मग हात धरला. तिने माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि त्यावर ओल्या वेताची एक पट्टी ठेवली आणि पुढे विणू लागली. मला कळेना, ही माफी की काम? मी काकांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. मग मी पट्टी धरून बसले. तिला लागली की देत गेले.

रोज तसंच. मी पट्ट्या भिजवते, ती विणते. मी एकदाही चर्चचं नाव काढलं नाही. गेल्या शनिवारी पट्टी घेता घेता तिने हात तसाच माझ्या हातावर ठेवला. मी रडले तर म्हणाली की वेत आधीच ओला आहे, आणखी भिजवू नको.

मग तिने विचारलं की तू इतके दिवस कोणाचं ऐकून गप्प बसली होतीस. मी तुमचं सांगितलं. तुमचे कान, गीत सुरू झालं ते, पोरं हसली ते, सगळं. तुम्हाला न विचारता सांगितलं, हे सांगून झाल्यावर लक्षात आलं. माफ करा. माझा हात इथे कागदावर उताणा आहे असं समजा.

तिने विचारलं, मग त्यांना पान कोण दाखवतं? मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली की हे बरोबर नाही. सुट्टीत तू आजोबांकडे जाणार आहेस ना, मीही येते. काका हो म्हणाले आहेत. आईने आत्याला कळवलं आहे. आता तुम्ही नाही म्हणायचं नाही. पण विचारते: आम्ही येऊ का?

माया आहे तेवढी असू द्या, बिट्टीसाठी थोडी जास्त काढून ठेवा.

तुमचा,
भोंगा

•

१५ जून

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. वि. वि.

तुझी लेक सुखरूप आहे, जेवते आहे, आणि माझ्या घरात आता कोणी बोलत नाही, सगळे हात हलवतात. मी दुकानातून दमून येते आणि मूकपणे चाललेल्या भांडणात अडकते. परवा बाबा आणि बिट्टी अर्धा तास वाद घालत होते. विषय काय, तर बाबांचा चष्मा कपाळावर असला की त्यांचं बोलणं समजत नाही, कारण भुवया झाकल्या जातात. बाबा हरले. चष्मा नाकावर आला.

पण हे पत्र कालच्या रविवारसाठी लिहिते आहे.

पाळकसाहेब मुलींना भेटायला आले तेव्हा भोंग्याने त्यांना विचारून टाकलं की आजोबांना परत वाचायला द्याल का. ते म्हणाले, आनंदाने. बाबा म्हणाले, नाही. माझा आवाज मला कळत नाही, एक तर मी कोणाच्या कानाचे पडदे फाडेन नाहीतर कुजबुजेन. तेव्हा बिट्टीने हात वर केला. तिचं म्हणणं असं की आवाज तिलाही कळत नाही, पण लोकांची तोंडं कळतात. मोठा झाला की लोक कपाळाला आठ्या घालतात, बारीक झाला की मान पुढे काढतात. ती बघून सांगेल.

आठवडाभर जेवणाच्या टेबलावर सराव झाला, आणि तोंडं कोणाची, तर माझी! बाबा वाचतायत, ती माझ्याकडे टक लावून बघतेय, तळहात वर, तळहात खाली. एकदा मला आमटीचा ठसका लागला तर तिने बाबांना एकदम गप्प केलं.

काल बिट्टी पहिल्या रांगेत उलट्या खुर्चीवर बसली, पाठ वेदीकडे, तोंड मंडळीकडे. लोक आधी जरा चपापले. बाबा उभे राहिले. चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. पहिलं वाक्य अगदीच बारीक. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईंनी मान पुढे काढली. बिट्टीचा तळहात वर गेला. बाबांचा आवाज चढला. मग जरा जास्तच चढला, एक तान्हं बाळ दचकलं, तळहात खाली. त्यानंतर दादा, लहानपणी आपण ऐकायचो तोच आवाज. त्यांनी त्या बहिऱ्या माणसाची गोष्ट निवडली होती, ज्याला प्रभूने गर्दीतून बाजूला नेलं. संपताच बिट्टीने दोन्ही हात मिटले, बाबांनी पुस्तक मिटलं, आणि मंडळी गीताला उठली तेव्हा ते आपल्या जागेवर पोचले होते. बिट्टी शेजारी जाऊन बसली आणि ओळ न् ओळ त्यांना बोटाने दाखवत होती. तिला तरी कशी कळत होती? पुढे मंडळीकडे तोंड करून उभ्या असलेल्या गायकांचे ओठ बघून. बाबा गात होते. सुरात अजिबात नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

चर्च सुटल्यावर तिघं पायऱ्यांवर बसले. बिट्टीने विचारलं की तुम्ही काय वाचलंत. भोंगा सांगायला सरसावली, तर बाबांनी तिचे हात धरून तिच्या मांडीवर ठेवले आणि स्वतः सांगायला लागले. इतके अडखळत, इतके चुकत, की बिट्टी मधूनमधून त्यांची बोटं धरून नीट करत होती. मी लांब उभी होते. मला काही समजलं नाही. फक्त शेवटी बाबांनी स्वतःच्या तळव्यांना बोट लावलेलं दिसलं, आणि तिने मान हलवली.

वहिनीला सांग, दोघींचे फ्रॉक आखूड झाले आहेत. मुली पुढच्या आठवड्यात परत येतील. बाबांना सोडून यायला त्या तयार नाहीत आणि बाबाही सोडायला तयार नाहीत, तेव्हा रडारड होईल, तयारीत राहा.

तुझी दुकानातून दमलेली,
बहीण

•

३० जून

प्रिय आजोबा,

तुम्हाला बिट्टीचा सलाम.

हे पत्र मी लिहिते आहे. भोंग्याने शुद्धलेखन बघितलं. तिने आणखी दोन वाक्यं घालायला सांगितली. मी घातली नाहीत.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही फार मोठ्या अक्षरात लिहिता. छोट्या अक्षरात लिहा. मला डोळे आहेत.

बाबांना मी तुमची गोष्ट सांगितली. बाबांनी विचारलं, त्या माणसाला नंतर ऐकू आलं का? मी म्हटलं, आलं. बाबा काम करत राहिले. मग म्हणाले, तुला वाईट वाटतं का? मी विचार केला. मी म्हटलं, मला त्यातलं बाजूला नेणं आवडलं. बाबा म्हणाले, मलाही.

तुमच्या चर्चची एक खुर्ची फाटलेली आहे. तिसऱ्या रांगेत, भिंतीजवळ. ती आमच्याकडे पाठवा. बाबा आणि मी विणून देऊ.

भोंग्याने मला विचारलं की तू प्रार्थना करतेस का. आता ती आधी विचारते. मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

दुपारी सगळे जेवून झोपतात तेव्हा मी गच्चीवर जाते. तिथे कोणी नसतं. मी पहिल्यांदा येशूची खूण केली. मग माझं नाव सांगितलं. मग काय बोलायचं ते कळेना. म्हणून मी त्याला दिवसभराचं सांगितलं. आरामखुर्ची झाली. एक माणूस कमी पैसे देऊन गेला. बाबांचं बोट कापलं. तुमचं पान आता शेजारचे आजोबा दाखवतात असं आत्याने कळवलं, तेही सांगितलं. मी कान मागितले नाहीत. पुढे मागावेसे वाटले तर मागेन. त्याला मी विचारलं की तुझे हात अजून दुखतात का.

मग माझं बोलणं संपलं. मी हात मांडीवर ठेवले आणि वर बघत बसले. आमच्याकडे दुसऱ्याची पाळी असली की असंच करतात.

तुमची,
बिट्टी